आधी जमीन पारखा, मग पाया खणा

(दिल्लीतील हिंदूराव येथे मराठी भाषिक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या टेकडीवर आपण आज जमलो आहोत, तिच्या या भागाला एका मराठी माणसाचे नाव आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर १८३५ साली मारला गेला आणि त्याची टेकडीवरील कोठी पुढे हिंदूरावांकडे आली. १८५७ च्या वेढ्यात तीच कोठी इंग्रजी फौजेचे प्रमुख ठाणे बनली. आज तेथे महानगरपालिकेचे रुग्णालय उभे आहे. परंतु सरदारांच्या वंशावळी हा आजचा विषय नव्हे. या परिसरात फिरोजशहा तुघलकाच्या काळातील एक बारव आहे. चौदाव्या शतकातील गवंड्यांनी खडकाळ टेकडीवर पाणी कोठे मुरते व कोठे साठते याचा अदमास घेतला आणि मगच पहार मारली. बांधण्यापूर्वी जमीन पारखण्याचे हे शहाणपण आजच्या योजनाकारांपाशी का उरलेले नाही, की ते असूनही गुंडाळून ठेवले जाते, आणि त्याची किंमत कोणता वर्ग मोजतो, हा आजचा विषय आहे.

राजधानीची जागा कशी बदलली

या प्रश्नाचा एक धडा आपल्या उत्तरेस दोन-तीन कोसांवर पडलेला आहे. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्जने दरबार भरवून राजधानी दिल्लीस आणण्याची घोषणा केली आणि दरबाराच्या मैदानाजवळच नव्या शहराचे पायाचे दगड बसविले. त्यानंतर, १९१२-१३ मध्ये, स्विंटन, ब्रोडी आणि लट्येन्स यांची नगररचना समिती जागा तपासण्यासाठी आली. समितीने दिल्लीच्या आसपासची जमीन पाहिली आणि उत्तरेकडील जागा नापसंत केली. ती सखल होती, पुराच्या पाण्याखाली जाणारी होती, हिवतापाची होती आणि अपुरीही होती. सम्राटाच्या हातून बसविलेले दगड निमूटपणे उचलून दक्षिणेस रायसीनाकडे नेण्यात आले. यावरून एवढे सिद्ध होते, की जागेची परीक्षा ही काही अलीकडची, परदेशातून आलेली फॅशन नव्हे. राज्यकर्त्यांना स्वतः राहावयाचे असते, तेव्हा ती परीक्षा काटेकोरपणे होते आणि तिचा निर्णय सम्राटाच्या शब्दाहूनही वरचढ ठरतो.

त्या नाकारलेल्या सखल जमिनीचे पुढे काय झाले? फाळणीनंतर तेथील किंग्जवे कॅम्पात निर्वासितांना वसविण्यात आले. आणीबाणीच्या काळात, १९७५-७६ मध्ये, शहराच्या मध्यभागातील झोपड्या पाडून कष्टकऱ्यांना उत्तरेकडे जहांगीरपुरीत नेऊन टाकण्यात आले. सप्टेंबर १९७८ मध्ये जुन्या रेल्वेपुलापाशी यमुनेने २०७.४९ मीटरची पातळी गाठली, तेव्हा मॉडेल टाऊन, मुखर्जीनगर हा सारा उत्तरेचा पट्टा पाण्याखाली गेला. समितीचा इशारा पासष्ट वर्षांनी खरा ठरला. व्हाइसरॉयला जी जमीन अयोग्य होती, तीच निर्वासितांना, कारकुनांना आणि मजुरांना योग्य ठरविली गेली. जमिनीचा उतार तोच होता. बदलला तो राहणाऱ्याचा वर्ग.

पाणथळ जमीन म्हणजे पडीक जमीन नव्हे

माझे काम भाषांतराचे, म्हणून शब्दांपासून सुरुवात करतो. सरकारी दप्तरात पाणथळ जमिनीची नोंद बहुधा 'पडीक', 'अनुत्पादक' किंवा नुसती 'रिकामी' अशी केलेली असते. या एका शब्दातच अर्धा निकाल लागलेला असतो, कारण जी जमीन रिकामी, ती भरावयाचीच! पण नदीकाठचा माणूस ही भाषा बोलत नाही. यमुनेच्या काठी पुराची सखल जमीन ती 'खादर' आणि पुराच्या वरची ती 'बांगर'. आपल्याकडे पूर ओसरल्यावर गाळात केलेली पेरणी ती गाळपेर. जेथे भातरोपे लागतात ते खाचर, जेथे मीठ पिकते ते मिठागर, भरतीचे पाणी जेथे शिरते ती खाजण. ज्या जमिनीला कष्टकऱ्यांनी इतकी नावे दिली, ती रिकामी कशी असेल?

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पाणथळीची व्याख्या पुष्कळ व्यापक केली. दलदल असो वा तळे, नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, पाणी कायमचे असो वा हंगामी, वाहते असो वा साचलेले, गोडे असो वा खारे, हे सर्व तिच्यात येते. भारत १९८२ साली या करारात सामील झाला. पण २०१७ साली केंद्र सरकारने पाणथळींविषयी जे नियम केले, त्यांतून नद्यांचे प्रवाह, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, मत्स्यशेती, मिठागरे व सिंचन यांसाठी केलेली बांधकामे वगळण्यात आली. म्हणजे निसर्गाच्या हिशेबी जी पाणथळ आहे, ती कायद्याच्या हिशेबी पाणथळ असेलच असे नाही.

खादर काम कसे करते ते थोडक्यात पाहू. हिमालयातून आलेल्या वाळू-गाळाचे जाड थर नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. पावसाळ्यात नदी फुगून या थरांवर पसरते. पसरल्यामुळे तिची उंची व वेग कमी होतो आणि वाळूच्या पोटात पाणी मुरते. पुढील आठ महिने तेच पाणी विहिरींना मिळते व नदीतही परत झिरपते. दिल्लीच्या उत्तरेस पल्ला येथील खादरातील विहिरींतून आजही शहराला पिण्याचे पाणी मिळते. म्हणून खादर एकाच वेळी पुराची मोकळी वाट आहे आणि शहराची पाण्याची टाकीही आहे. तिच्यावर भराव घातला की पूर चढतो आणि टाकी फुटते. नुकसान असे दुहेरी असते.

यमुनेच्या काठी दोन न्याय

आता गेल्या पंचवीस वर्षांचा दाखला घेऊ. २००४ साली यमुना पुश्त्यावरील झोपडपट्ट्या पाडण्यात आल्या. नदीच्या पात्रात अतिक्रमण झाले आहे आणि नदी घाण होते आहे, असे कारण देण्यात आले. हजारो कुटुंबांना बवाना, होलंबी यांसारख्या दूरच्या वसाहतींत हलविले गेले. पुष्कळांचे रोजगार बुडाले, मुलांच्या शाळा सुटल्या, आणि अनेकांना तर पर्यायी भूखंडही मिळाला नाही. वास्तविक दिल्लीत यमुनेला मारणारे सांडपाणी मुख्यतः मोठ्या नाल्यांतून येते. त्यांत अग्रस्थानी असलेला नजफगडचा नाला इथून जवळच, वझिराबादच्या बंधाऱ्याखाली नदीला मिळतो. हा नाला म्हणजे एके काळची साहिबी नदीची वाट. ज्या नजफगड झिलेत तिचे पाणी विसावत असे, तीही उपसून व आवळून टाकण्यात आली.

पुश्त्यावरील झोपड्या गेल्या आणि नदीच्या दुसऱ्या काठावर २००५ साली अक्षरधामचे भव्य संकुल खुले झाले. त्याच्या शेजारी, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी, खेळाडूंचे निवासग्राम उभारण्याचे ठरले. डिसेंबर २००६ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने मंजुरी देताना सावधगिरीची अट घातली होती. नदीच्या प्रवाहाचा अभ्यास पुरा होईपर्यंत बांधकाम उकलून काढता येईल अशा स्वरूपाचे असावे, अशी ती अट. काही महिन्यांतच ती मागे पडली आणि पक्क्या इमारतींचा मार्ग मोकळा झाला. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने २००५ साली नदीपात्रात कायमची बांधकामे नकोत असा सल्ला दिला होता. २००८ साली मात्र, मधल्या काळात बांध उभा राहिल्यामुळे ही जागा आता पूरक्षेत्र राहिलेली नाही, असे मत पुढे आले. नोव्हेंबर २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तज्ज्ञांकडून तपासणी करण्यास सांगितले, पण ३० जुलै २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि जागा नदीपात्रही नाही व पूरक्षेत्रही नाही असे ठरविले. स्पर्धा संपल्या आणि गावातील सदनिका श्रीमंतांच्या बाजारात गेल्या.

या युक्तिवादाचे मर्म नीट लक्षात घ्या. आधी बांध घालावयाचा, मग बांधामुळे पाणी येत नाही म्हणून जागा सुरक्षित ठरवावयाची आणि त्या सुरक्षिततेवर इमारत उभी करावयाची. पण पाणी बांधाला भिऊन नाहीसे होत नाही. ते समोरच्या काठाकडे, वरच्या बाजूच्या वस्तीकडे, बांध नसलेल्या झोपडीकडे सरकते. एका जागेची सुरक्षितता दुसऱ्या जागेच्या असुरक्षिततेतून विकत घेतलेली असते, आणि जागेच्या परीक्षेत हा दुसरा हिशेब मांडलाच जात नाही.

मार्च २०१६ मध्ये याच खादरात एका आध्यात्मिक संस्थेचा प्रचंड सांस्कृतिक महोत्सव झाला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने संस्थेला ५ कोटी रुपये भरावयास लावले, पण कार्यक्रम पार पडला. जमीन दडपली गेल्याचे व पाणथळींची हानी झाल्याचे तज्ज्ञ समितीने नंतर नोंदविले आणि डिसेंबर २०१७ मध्ये न्यायाधिकरणाने संस्थेला जबाबदार धरले. आधी विचारावयाचा प्रश्न नंतर विचारला, की उत्तराच्या जागी फक्त दंडाची पावती हाती येते.

याच न्यायाधिकरणाने जानेवारी २०१५ मध्ये एक महत्त्वाचा निकाल दिला होता. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा आखावी व तिच्या आत बांधकाम होऊ नये, असा तो निकाल. तो स्वागतार्हच होता. पण त्याच निकालाने दूषित पाण्यामुळे खादरात खाद्य पिके घेण्यासही मनाई केली. नदी नासवली शहराने आणि उद्योगांनी, शेत मात्र सुटले भाजीपाला पिकविणाऱ्या कुळाचे! पर्यावरणाच्या प्रश्नाकडे वर्गीय दृष्टीने पाहिले नाही, तर योग्य निकालाचा भारही दुबळ्याच्याच खांद्यावर येतो, याचे हे उदाहरण आहे.

शेवटी नदीने स्वतःच निकाल दिला. १३ जुलै २०२३ रोजी जुन्या रेल्वेपुलापाशी पाणी २०८.६६ मीटरवर पोहोचले आणि १९७८ चा उच्चांक मोडला. काश्मिरी गेट, यमुना बाजार, सिव्हिल लाइन्स, राजघाट, आयटीओ येथे पाणी शिरले. वझिराबाद, चंद्रावल व ओखला येथील जलशुद्धीकरण केंद्रे बंद पडली. शहर पुरात असताना नळ कोरडे होते! आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये हथनीकुंडाहून सर्वाधिक विसर्ग ८.२८ लाख क्युसेक झाला, तेव्हा दिल्लीत पाणी २०६.६० मीटरपर्यंत आले. २०२३ मध्ये तेथील सर्वाधिक विसर्ग ३.५९ लाख क्युसेक होता, म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि तरीही पाणी दोन मीटरांहून अधिक वर चढले. पूर किती तास टिकला व वाटेत पाऊस किती झाला, हेही पाहावे लागते, सारे एका आकड्यावर ठरत नाही. परंतु गाळाने भरलेले पात्र, आयटीओ बंधाऱ्याचे न उघडलेले दरवाजे, पुलांचे भराव आणि आवळलेला खादर यांचा वाटा नाकारता येणार नाही. त्या आठवड्यात उड्डाणपुलाखाली ताडपत्रीत राहिले कोण? खादरातील शेतकरी, शेतमजूर आणि यमुना बाजारचे गरीब रहिवासी.

कायदा आहे, पळवाटाही आहेत

प्रकल्पाच्या परिणामांचा आगाऊ आढावा घेण्याचे बंधन आपल्याकडे जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने आले आणि सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने ते नव्याने घालण्यात आले. प्रकल्पाची छाननी, अभ्यासाची व्याप्ती ठरविणे, लोकांची मते ऐकणे आणि तज्ज्ञांचे मूल्यमापन अशा त्याच्या चार पायऱ्या आहेत. कागदावर हे चांगले दिसते. पण चारही पायऱ्यांवर घसरण आहे.

पहिली गोष्ट अशी, की २०,००० चौरस मीटरांपासून पुढच्या इमारती व वसाहती या अधिसूचनेत येतात, पण त्यांना लोकसुनावणीतून सूट आहे. शहरातील पाणथळीवर सर्वाधिक आक्रमण ज्यांचे, त्यांनाच लोकांसमोर उभे राहावे लागत नाही.

दुसरी गोष्ट, परिणामांचा अहवाल लिहिणारा सल्लागार प्रकल्पाचा मालकच नेमतो आणि तोच त्याला पैसे देतो. गिऱ्हाइकाच्या मालात खोट काढणारा तराजूवाला कोठे पाहिला आहे?

तिसरी गोष्ट, पुष्कळ प्रकल्पांना एकाच ऋतूची आकडेवारी पुरते, आणि १९९४ पासूनच्या प्रथेत हा ऋतू पावसाळा सोडून घेतला जातो. पाणथळीची परीक्षा पावसाळा वगळून करणे म्हणजे उन्हाळ्यात जाऊन भरतीची रेषा शोधण्यासारखे आहे. मे महिन्यात तेथे भेगाळलेली माती दिसते आणि अहवालात 'कोरडी, रिकामी जमीन' असे लिहिले जाते.

चौथी गोष्ट, आधी बांधा व मग मंजुरी घ्या, या प्रथेला २०१७ च्या अधिसूचनेने वाट करून दिली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरविली, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने बहुमताने तो निकाल मागे घेतला. उभी इमारत पाडणे नुकसानीचे, हा मुद्दा तेथे पुढे आला. म्हणूनच आपला आग्रह 'आधी' या शब्दावर असला पाहिजे. एकदा पाया पडला, की भांडवलाची गुंतवणूकच युक्तिवाद बनते.

पाचवी गोष्ट भाषेची. २०२० साली या अधिसूचनेचा नवा मसुदा आला तो इंग्रजी व हिंदीतच. ज्या कोळ्याच्या खाडीचा प्रश्न, त्याच्या मराठीत तो नव्हता. जून २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला, तर केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. भाषांतराला इतका विरोध का? लोकांना समजलेला कागद लोक प्रश्न विचारण्यासाठी वापरतात, हे सरकारला ठाऊक आहे म्हणून.

महाराष्ट्राचा अनुभव

हा केवळ राजधानीचा प्रश्न नव्हे. मुंबईत मिठी नदीच्या मुखाशी खाजणे व तिवरांची जमीन भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले आणि विमानतळाच्या धावपट्टीखाली नदी वाकवली गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ढगफुटी निसर्गाची होती, पण पाण्याची वाट माणसाने अडविली होती. माणसे मेली ती कुर्ल्याच्या, कलिन्याच्या वस्त्यांत, आणि साकीनाक्याच्या कोसळलेल्या दरडीखाली.

२०२४ साली तर धारावीच्या पुनर्विकासासाठी कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन राज्य सरकारला देण्याचा निर्णय झाला. जे धारावीकर सरकारी निकषांवर 'अपात्र' ठरतील, त्यांच्यासाठी तेथे भाड्याची घरे बांधावयाची आहेत. शहराच्या मध्यातील मोलाची जमीन बिल्डरला, आणि भरतीच्या पाण्याची जमीन कष्टकऱ्याला. १९१२ च्या दिल्लीचा हा न्याय शंभर वर्षांनी मुंबईत पुन्हा लागू होत आहे.

हिंदूरावांच्या कागलचा कोल्हापूर जिल्हा घ्या. महाराष्ट्रात पंचवीस वर्षांच्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा अशी आखणी आहे. तरीही पंचगंगेच्या काठी पूररेषेत भराव पडत राहिले आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनी कोल्हापूर-सांगलीला काय दाखविले, हे आपल्या नातलगांकडून आपण ऐकलेच आहे. नकाशावरील रेषा जागरूक संघटनेवाचून निव्वळ शाई असते.

मग कामगारांनी राहावे कोठे?

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो व त्याचे उत्तर आपण दिलेच पाहिजे. लाखो कुटुंबांना घरे नाहीत, रुग्णालये व शाळा अपुऱ्या आहेत, बांधकामावर लाखो मजुरांचे पोट आहे. अशा वेळी पाणथळ वाचवा म्हणणे ही सुखवस्तूंची चैन नव्हे काय?

ती तशी होऊ शकते. नदीचे सौंदर्य जपण्याच्या नावाखाली झोपड्या हटवा आणि त्या जागी फिरण्याचे बगीचे करा, ही मागणी आपली नव्हे. पण जमीन न तपासता बांधा, ही मागणीही कामगारवर्गाची असू शकत नाही, कारण बुडणारे घर हे घर नव्हे. निसर्गावरील प्रत्येक विजयाचा तो सूड उगवतो, असा इशारा एंगल्सने दिला होता, आणि कामगारवस्त्यांच्या रोगराईचे मूळ भांडवली घरबांधणीत आहे, हेही त्यानेच दाखविले. हे दोन मुद्दे परस्परांपासून अलग नाहीत. घरांसाठी जमीन कमी नाही. ती बंद गिरण्यांच्या आवारांत, रिकाम्या ठेवलेल्या सदनिकांत, सट्ट्यासाठी अडवून धरलेल्या भूखंडांत आहे. त्या जमिनीला हात लावावयाचा नाही म्हणूनच सरकारची नजर खाजणाकडे वळते.

पूर्व कोलकात्याच्या पाणथळी या बाबतीत शिकण्यासारख्या आहेत. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या प्रदेशात शहराचे सांडपाणी भेऱ्यांत खेळवून मासे वाढविले जातात, भाजीपाला पिकतो आणि हजारो मासेमार व शेतकरी त्यावर जगतात. शहराला स्वस्त मासळी मिळते आणि पाणीही शुद्ध होते. डाव्या आघाडीच्या सरकारच्या काळातच तेथे व्यापार केंद्र उभारण्याचा विचार झाला होता. १९९२ साली कोलकाता उच्च न्यायालयाने त्या भूमीचे रक्षण करणारा निकाल दिला आणि २००२ साली ती रामसर यादीत आली. हे लपविण्याचे कारण नाही. सरकार कोणाचेही असो, परीक्षेची पद्धत पक्की नसेल तर चूक होते. मात्र त्या पाणथळी टिकल्या, यात न्यायालयाइतकाच वाटा तेथे राबणाऱ्या हातांचा आहे. जेथे जमिनीवर श्रम करणारा समाज संघटित आहे, तेथे ती 'रिकामी' म्हणून विकणे कठीण जाते.

आपण विचारावयाचे प्रश्न

तेव्हा आपापल्या भागात कोणताही प्रकल्प जाहीर होताच कार्यकर्त्यांनी पुढील प्रश्न लेखी विचारावेत व उत्तरे मराठीत मागावीत:

१. ही जागा पावसाळ्यात कोणी पाहिली? निदान एका संपूर्ण वर्षाच्या पाण्याची, पुराची व विहिरींच्या पातळीची नोंद आहे काय?

२. येथील पाणी आज कोठून येते व कोठे जाते? भराव घातल्यावर ते कोणाच्या दारात जाईल?

३. या जमिनीवर आज कोण राबते? मासेमार, गाळपेर करणारे, मीठ कामगार, गुरे चारणारे यांची गणना झाली काय? सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचे काय?

४. शेजारच्या इतर प्रकल्पांचा परिणाम एकत्र मोजला काय? मोठ्या प्रकल्पाचे तुकडे पाडून मर्यादा चुकविली आहे काय?

५. पर्यायी जागा कोणत्या तपासल्या आणि त्या का नाकारल्या?

६. अहवाल कोणी लिहिला, त्याला पैसे कोणी दिले, आणि खोटी माहिती निघाल्यास जबाबदार कोण?

७. काहीही न बांधणे हा पर्याय विचारात घेतला काय?

या प्रश्नांसाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. गावातील म्हातारी माणसे पुराच्या खुणा दाखवितात. तरुण कार्यकर्त्यांनी त्या नकाशावर उतरवून काढाव्यात, शिक्षकांनी कागद समजावून द्यावेत, बांधकाम मजुरांच्या युनियनने पाया खणताना पाणी कोठे लागते ते सांगावे. अशी लोकांची परीक्षा तयार असली, की विकत घेतलेल्या अहवालाला सामना मिळतो. आपली मागणीही स्पष्ट असावी: सल्लागाराची नेमणूक व त्याचे मानधन स्वतंत्र सार्वजनिक संस्थेकडे द्यावे, वसाहतींनाही लोकसुनावणी लागू करावी, मिठागरे, खाचरे व खादर यांना संरक्षण मिळावे, आणि तेथे आधीपासून राहणाऱ्या व राबणाऱ्यांना योग्य पुनर्वसनाशिवाय हलवू नये.

कॉम्रेड्स, भांडवलदाराला जागेचा भाव कळतो, स्वभाव कळत नाही, आणि कळला तरी तो नफ्याच्या आड आला तर तो दडपतो. जमिनीचा स्वभाव ओळखणारा वर्ग तिच्यावर राबणारा असतो. त्याच्या ज्ञानाला संघटनेचे बळ देणे आणि पहिली कुदळ पडण्यापूर्वीच त्याचा आवाज दप्तरात नोंदविणे, हे आपल्यासमोरचे काम आहे. पुढचा पावसाळा त्यासाठी थांबणार नाही.